वाचकांचे प्रश्न : विज्ञानाच्या बहुपर्यायी प्रश्नांचा सराव

या महिन्यात सदराकडे आलेली बहुतेक पत्रे इंदूरमधील घरांतून आली आहेत आणि त्यांचा विषय जवळजवळ एकच आहे : चार पर्यायांतून एक निवडण्याच्या स्पर्धा परीक्षांसाठी विज्ञानाचा सराव कसा करावा. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : सर, माझा मुलगा अकरावीत असून ‘नीट’ची तयारी करतो. भंवरकुआँच्या क्लासमधून आल्यावरही तो रोज दीडशे ते दोनशे प्रश्न सोडवतो. वह्या भरत आहेत, पण चाचण्यांतील गुण बरेच दिवस जागचे हललेले नाहीत. प्रश्नांची संख्या आणखी वाढवावी का? – एक आई, सुदामानगर

उत्तर : ताई, संख्या वाढवू नये. महिनाभर ती निम्म्याहून खाली आणावी असेच मी सुचवेन. आपल्या पत्रातील वर्णनावरून असे दिसते की चिरंजीव प्रश्न सोडवतात, उत्तरतालिकेशी ताडून बरोबर किंवा चूक अशी खूण करतात आणि पुढच्या पानाकडे वळतात. या पद्धतीत जे आधीच येत होते ते पुन्हा एकदा सोडवले जाते आणि जे येत नव्हते ते होते तिथेच राहते, त्यामुळे वह्या भरतात आणि गुण मात्र वाढत नाहीत.

बहुपर्यायी प्रश्न रचताना प्रश्नकर्त्याचा बराचसा वेळ बरोबर उत्तरावर खर्च होत नसतो. तो खर्च होतो उरलेल्या तीन पर्यायांवर. हे तीन पर्याय मनाला येईल तसे लिहिलेले नसतात. विद्यार्थी कोणकोणत्या ठिकाणी घसरतो याचा अंदाज घेऊन, त्या प्रत्येक घसरणीच्या शेवटी जे उत्तर येईल तेच पर्याय म्हणून ठेवलेले असते. एक अगदी साधा प्रश्न पाहा. एक मोटार इंदूरहून उज्जैनला ताशी ४० किलोमीटर चालीने गेली आणि त्याच रस्त्याने ताशी ६० किलोमीटर चालीने परतली, तर संपूर्ण प्रवासातील सरासरी चाल किती? पर्याय आहेत २४, ४८, ५० आणि १००. बरोबर उत्तर ४८ आहे. अंतर ६० किलोमीटर धरून पाहिले तर जाताना दीड तास आणि येताना एक तास लागतो, म्हणजे १२० किलोमीटरला अडीच तास. आता उरलेल्या पर्यायांकडे पाहा. ज्याने दोन चालींची सरळ सरासरी काढली त्याच्यासाठी ५० ठेवले आहे. ज्याला गुणाकार भागिले बेरीज एवढे सूत्र आठवले, पण त्यातला दोनने गुणण्याचा भाग निसटला, त्याला २४ सापडते. ज्याने घाईत नुसती बेरीज केली तो १०० वर थांबतो. मुलाने ५० निवडले आणि वहीत फक्त ‘चूक’ असे लिहिले, तर त्याच्या हाती काहीच लागले नाही. ‘संथ चालीच्या टप्प्याला जास्त वेळ लागतो, तो मी मोजलाच नाही’ असे एक वाक्य त्याने लिहिले, तर याच जातीचे पुढचे अनेक प्रश्न त्याला सुटतील.

दुसरे उदाहरण आपल्या शहरातीलच देतो. वर्तुळाकार मार्गावर एकसमान चालीने फिरणाऱ्या वस्तूचे त्वरण किती, या प्रश्नाला ‘शून्य’ हा पर्याय हमखास असतो आणि चांगले गुण मिळवणारी मुलेही तो हमखास निवडतात. इंदूरकर ज्याला अजूनही ‘कॅट’ म्हणतात त्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील ‘इंडस-२’ या यंत्रात इलेक्ट्रॉन सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरत असतात. सेकंदाला सुमारे १७ लाख फेऱ्या होतात. त्यांची चाल बदलत नसली तरी चुंबक त्यांची दिशा सतत वळवत राहतात आणि दिशा बदलणे म्हणजेच वेग बदलणे, अर्थात त्वरण. त्वरण असलेला प्रभार प्रारण बाहेर टाकतो, म्हणूनच त्या कड्याच्या वळणांवर क्ष-किरणांपर्यंतचा प्रकाश मिळतो आणि शास्त्रज्ञ तो प्रयोगांसाठी वापरतात. त्वरण शून्य असते तर तिथे अंधारच राहिला असता. चुकीचा पर्याय खरा मानला तर जगात काय दिसले पाहिजे, हा विचार मुलाने दोन-चारदा केला की तो पर्याय पुन्हा त्याला फसवत नाही.

प्रत्यक्ष सरावाबद्दल सांगायचे तर, रोज साठ ते सत्तर प्रश्न पुरेत. गणित करावे लागणाऱ्या प्रश्नांत पर्यायांवर कागद ठेवून आधी उत्तर काढावे आणि मगच पर्याय पाहावेत, कारण पर्याय डोळ्यांसमोर असले की मन उत्तर शोधण्याऐवजी त्यांतले ओळखीचे काय ते पाहू लागते. सोडवताना ज्या उत्तराची खात्री नव्हती त्यावर तिथल्या तिथे बारीक खूण करावी आणि असे उत्तर बरोबर आले तरी ते चुकलेल्यांतच धरावे; नशिबाने मिळालेला गुण सरावात काही कामाचा नसतो. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे आपण निवडलेला पर्याय कोणत्या चुकीतून निघतो ते एका वाक्यात लिहावे. पंधरा दिवसांनी ही वाक्ये एकत्र वाचली की चुका किती थोड्या प्रकारच्या आहेत हे मुलाच्याच लक्षात येते. कोणाचे एककांचे रूपांतर राहते, ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर हे माहीत असूनही तो ३६ घालून मोकळा होतो. कोणी प्रश्नातला एखादा शब्द गाळतो. किरणोत्सारी पदार्थाचे तीन अर्धायुकाल (पदार्थ निम्मा उरायला लागणारा काळ) उलटल्यावर एक अष्टमांश भाग उरतो आणि सात अष्टमांश भागाचा ऱ्हास झालेला असतो. ‘उरलेला’ विचारला आहे की ‘ऱ्हास झालेला’, हे न पाहणाऱ्यासाठी दोन्ही अपूर्णांक पर्यायांत ठेवलेले असतात. संकल्पनाच चुकली असेल तर मात्र प्रश्न बाजूला ठेवून पुस्तकातील तो परिच्छेद पुन्हा वाचण्यावाचून दुसरा उपाय नाही. चुकलेले प्रश्न आठवड्याने आणि पुन्हा तीनेक आठवड्यांनी, आधीचे उत्तर न पाहता, सोडवावेत.

जीवशास्त्रात, जिथे नीटचे १८० पैकी ९० प्रश्न असतात, पद्धत थोडी बदलते. तिथे एनसीईआरटीच्या पुस्तकातील वाक्यच थोडे वाकवून पर्यायात ठेवलेले असते. ‘सर्व धमन्यांतून ऑक्सिजनयुक्त रक्त वाहते’ हे वाक्य फुप्फुस धमनीमुळे खोटे ठरते. अशा वेळी खोटा पर्याय खरा होण्यासाठी त्यातला कोणता शब्द बदलावा लागेल, हे विचारावे. ‘सर्व’च्या जागी ‘फुप्फुस धमनी वगळता इतर’ असे लिहिले की ते वाक्य खरे होते, आणि मुलाची एका प्रश्नात चार विधानांची उजळणी होते. (गर्भातील नाभीधमनी हा आणखी एक अपवाद आहे, तो ज्याला आपणहून आठवेल त्याची तयारी चांगली चालली आहे असे समजावे.)

आपल्याला विज्ञान येत नाही असे आपण पत्रात लिहिले आहे. त्याने अडत नाही. आठवड्यातून एकदा वहीतला कोणताही प्रश्न उघडून ‘हा दुसरा पर्याय का नाही?’ एवढेच विचारावे. उत्तर सोप्या शब्दांत मिळाले तर सराव योग्य दिशेने चालला आहे. ‘तुला नाही कळायचे, आई’ असे ऐकू आले तर बहुधा त्यालाही ते कळलेले नाही.

प्रश्न : मी बारावीत आहे. आमचे सर म्हणतात की थोडी जरी शंका असेल तरी प्रश्न सोडून द्यावा. मैत्रिणीच्या क्लासमध्ये सांगतात की एकही प्रश्न सोडू नये. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीला १ गुण वजा होतो. मी कोणाचे ऐकावे? – एक विद्यार्थिनी, लोकमान्यनगर

उत्तर : आधी हिशेब कर, मग कोणाचे ऐकायचे ते ठरव. समज, १०० प्रश्नांत तू काहीही न वाचता, डोळे मिटून एकेक पर्याय निवडलास. चारांत एक या प्रमाणात सरासरी २५ बरोबर येतील, त्यांचे १०० गुण झाले. ७५ चुकतील, त्यांचे ७५ वजा झाले. हातात २५ उरले. म्हणजे नीटच्या गुणपद्धतीत आंधळा अंदाजसुद्धा सरासरीने तोट्यात जात नाही, दर प्रश्नामागे पाव गुण देतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर हे प्रमाण दर प्रश्नामागे दोन तृतीयांश गुण होते आणि दोन बाद करता आले तर दीड गुण. तेव्हा ‘थोडी जरी शंका असेल तरी सोड’ हा सल्ला निदान या परीक्षेच्या हिशेबात बसत नाही.

पण या हिशेबात एक गृहीत दडलेले आहे, ते म्हणजे अंदाज खरोखर आंधळा आहे. परीक्षेत तसा तो क्वचितच असतो. तार ताणून तिची लांबी दुप्पट केली तर तिचा विद्युतरोध किती पट होईल, हा प्रश्न घे. ज्याला काहीच येत नाही तो चारांत एक या प्रमाणात बरोबर ठरेल. ज्याला ‘रोध लांबीच्या समप्रमाणात असतो’ एवढेच आठवते तो मात्र दुप्पट हा पर्याय ठामपणे निवडेल आणि दर वेळी चुकेल, कारण तार ताणल्यावर तिच्या काटछेदाचे क्षेत्रफळ निम्मे होते हे त्याने धरलेच नाही. उत्तर चौपट आहे. अर्धवट माहितीचा अंदाज आंधळ्या अंदाजापेक्षाही वाईट ठरतो, कारण चुकीचे पर्याय खास अर्धवट माहितीसाठीच रचलेले असतात. म्हणून जो पर्याय पाहताक्षणी आवडला, त्याच्याबद्दलच आधी संशय घ्यावा.

याउलट, पूर्ण उत्तर येत नसतानाही एखादा पर्याय खात्रीने बाद करता येण्यासारखी ठिकाणे पुष्कळ असतात. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणाची संहती दहाचा उणे आठवा घात मोलर आहे, तर २५ अंश सेल्सिअसला त्याचा सामू (पीएच) किती? सूत्रात अंक घातले की ८ येते आणि ८ हा पर्याय वाट पाहतच असतो. आम्ल कितीही विरल केले तरी त्याचे द्रावण आम्लारिधर्मी होणार नाही, एवढे आठवले की ८ बाद झाला. पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन हिशेबात घेतले की सामू सुमारे ६.९८ येतो, पण ते गणित न करताही सातच्या किंचित खालचा पर्याय निवडता येतो. त्याचप्रमाणे मिती आणि एकके जुळत नाहीत असे पर्याय, लहानसा कोन किंवा मोठे वस्तुमान घेतले असता अशक्य उत्तर देणारे पर्याय, हेही गणित न करता बाद होतात.

तुझ्या स्वतःच्या बाबतीत काय करावे याचे उत्तर तुझ्या सराव चाचण्यांतच आहे. पुढच्या काही चाचण्यांत अंदाजाने दिलेल्या उत्तरांवर खूण कर आणि फक्त त्यांचा निकाल वेगळा मोज. पाचांत एकापेक्षा जास्त बरोबर येत असतील तर अंदाज फायद्याचा आहे. त्याहून कमी येत असतील तर तू पर्यायांच्या सापळ्यात सापडत आहेस आणि तुला तुझ्या सरांचेच ऐकणे बरे. हा पाचांत एकाचा आकडा फक्त ४ आणि उणे १ या पद्धतीचा आहे, हे विसरू नकोस. बरोबर उत्तराला ३ आणि चुकीला उणे १ असेल तर आंधळ्या अंदाजाची सरासरी नेमकी शून्य होते. जेईई मेनच्या ज्या प्रश्नांत पर्यायच नसतात आणि संख्या लिहायची असते, तिथेही आता चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात, आणि तिथे नुसता अंदाज लागण्याची शक्यता जवळजवळ नसते. जेईई ॲडव्हान्स्डमध्ये एकाहून अधिक पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांची गुणपद्धती आणखी निराळी असते. म्हणून प्रत्येक परीक्षेची त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय कोणाचाही नियम, माझासुद्धा, स्वीकारू नये.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. नात नववीत, हिंदी माध्यमात शिकते. पुण्याला गेलो की तिथून मराठीतील विज्ञान प्रश्नसंच आणतो आणि संध्याकाळी तिला घेऊन बसतो. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते असे समजले. तेव्हा सगळी तयारी मराठीतूनच करून घ्यावी का? – एक आजोबा, रामबाग

उत्तर : आपला उपक्रम फार चांगला आहे, तो कृपया थांबवू नये, फक्त एक दुरुस्ती करावी. नीट १३ भाषांत घेतली जाते आणि त्यांत मराठी आहे हे खरे आहे, पण मराठीतील प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील परीक्षा केंद्रांवरच मिळते. नात इंदूरच्या केंद्रावरून परीक्षेला बसणार असेल तर तिच्यापुढे प्रत्यक्षात हिंदी आणि इंग्रजी हेच पर्याय राहतील. हिंदी निवडल्यास प्रश्नपुस्तिका द्विभाषिक, म्हणजे हिंदी आणि इंग्रजी अशी येते आणि अनुवादात संदिग्धता आढळली तर इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. म्हणून संकल्पना मराठीत समजावून द्यावी, त्यासारखे दुसरे साधन नाही. पण प्रश्न ज्या भाषेत परीक्षा द्यायची त्या भाषेतूनच सोडवून घ्यावेत आणि इंग्रजी संज्ञांची ओळख आतापासून करून द्यावी.

याचे व्यावहारिक कारण रसायनशास्त्रात लगेच दिसते. मराठी पाठ्यपुस्तकात ‘क्षार’ म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून तयार होणारा पदार्थ, जसे साधे मीठ. हिंदी पुस्तकात त्याला ‘लवण’ म्हणतात आणि ‘क्षार’ हा शब्द पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारींसाठी वापरतात. उदासिनीकरणाच्या प्रश्नात एवढ्याने उत्तर उलटे होऊ शकते. सुदैवाने भौतिकशास्त्रात चाल, वेग, त्वरण, संवेग या संज्ञा दोन्हीकडे सारख्याच आहेत.

नात अजून नववीत आहे, तेव्हा नीटच्या संचांची घाई करू नये. एनसीईआरटीचे नववीचे पुस्तक आणि त्याच संस्थेचे ‘एक्झेम्प्लर’ प्रश्नसंच संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात आणि या वयाला तेच योग्य आहेत. पुण्याच्या संचांत डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेचे नववीचे प्रश्न असतील तर ते जरूर ठेवावेत. त्या परीक्षेत लेखी फेरीनंतर प्रात्यक्षिकही असल्याने तिचे प्रश्न पाठांतरावर सहसा सुटत नाहीत.

प्रश्न : एकाच प्रश्नाला दोन गाइडांत दोन वेगळी उत्तरे दिलेली आढळतात. क्लासच्या सरांना विचारले तर ते तिसरेच पुस्तक दाखवतात. अशा वेळी कोणते उत्तर खरे मानावे? – एक विद्यार्थी, विजयनगर

उत्तर : असा पेच प्रत्यक्ष परीक्षेतही पडलेला आहे आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, म्हणून ती हकिगत थोडी सविस्तर सांगतो. २०२४ च्या नीटमध्ये भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात दोन विधाने होती. पहिले, अणूंत धन आणि ऋण प्रभार समान असल्याने ते विद्युतदृष्ट्या उदासीन असतात. दुसरे, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत ‘प्रत्येक मूलद्रव्याचे’ असेच शब्द होते. नव्या आवृत्तीत ते ‘बहुतेक मूलद्रव्यांचे’ असे झाले होते. जुने पुस्तक वाचणाऱ्यांनी दोन्ही विधाने बरोबर धरली, नवे वाचणाऱ्यांनी दुसरे चूक धरले आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दोन्ही उत्तरांना गुण दिले. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीकडून तीन तज्ज्ञांचे मत मागवले. दुसरे विधान चूक आहे असे त्यांनी कळवले आणि निकाल सुधारल्यावर ७२० पैकी ७२० गुण मिळवणाऱ्यांची संख्या ६१ वरून १७ वर आली.

यातून तुझ्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे पुस्तक चालू आवृत्तीचेच हवे. मोठ्या भावाचे पुस्तक वापरणे काटकसरीचे असले तरी या परीक्षेपुरते ते महाग पडू शकते. शिवाय २०२४ च्या नीटपासून अभ्यासक्रमातून काही भाग वगळण्यात आले असल्याने जुन्या गाइडांतील काही प्रश्न आता निरुपयोगी आहेत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, हे त्या सर्व मुलांना माहीत होते. युरेनियम, रेडियम ही नावे शाळेत पाठ झालेली होती. तरीही ‘प्रत्येक’ या शब्दाशी ती माहिती जोडून पाहणे अनेकांना सुचले नाही, कारण वाक्य पुस्तकातले म्हणून ओळखीचे वाटले. दोन गाइडांत मतभेद दिसला की तिसरे गाइड शोधण्याआधी, दोन्ही उत्तरांतील एखादे खोटे ठरवणारे उदाहरण आपल्याला माहीत आहे का, ते पाहावे. तेवढ्याने निकाल लागला नाही तर एनसीईआरटीची चालू आवृत्ती आणि परीक्षा संस्थेने प्रसिद्ध केलेली अंतिम उत्तरतालिका, या क्रमाने पाहावे. गाइडांतील उत्तरतालिका छापताना चुका होतात, आणि त्या पुढच्या आवृत्तीतही तशाच उतरतात.

प्रश्न : शाळेतून दर वर्षी कोणत्या ना कोणत्या विज्ञान ऑलिम्पियाडचे अर्ज येतात. शुल्क भरतो, मुलीला पदकेही मिळतात. सहावीतील मुलीला याचा पुढे उपयोग होईल का? – एक वडील, अन्नपूर्णा रोड

उत्तर : खासगी संस्थांच्या या परीक्षांनी प्रश्न सोडवण्याची सवय लागते, उत्साहही वाढतो, वर्षातून एखादी दिली तर बिघडत नाही. मात्र त्यांचा आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडशी संबंध नसतो, हे शाळांनी पालकांना स्पष्ट सांगायला हवे आणि ते बहुधा सांगितले जात नाही. देशाच्या संघात जाण्याचा मार्ग वेगळा आहे. भारतीय भौतिकशास्त्र शिक्षक संघटना नोव्हेंबरच्या सुमारास भौतिक, रसायन, जीव, खगोल आणि कनिष्ठ विज्ञान या विषयांची प्राथमिक फेरी घेते. तिच्यातून निवडलेल्यांसाठी पुढची फेरी आणि मग शिबिर, हे काम मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पाहते. प्राथमिक फेरी बहुपर्यायी असते, पुढे मात्र सविस्तर उत्तरे लिहावी लागतात. या फेऱ्यांचे जुने प्रश्न आणि त्यांची उत्तरे केंद्राच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. सहावीच्या मुलीसाठी हे सर्व अजून लांब आहे. तोवर पदकांच्या शुल्कातून एक चांगले भिंग आणि एक विद्युतमापी घेऊन द्यावा.

प्रश्न : ‘विधान आणि कारण’ या प्रकारचे प्रश्न मला नेहमी चुकवतात. दोन्ही वाक्ये खरी आहेत एवढे कळते, पण कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण आहे की नाही, तिथे मी अडकते. – एक विद्यार्थिनी, स्नेहनगर

उत्तर : दोन्ही वाक्ये आधी एकमेकांपासून अलग करून तपासावीत, हे तू करतेसच. दोन्ही खरी निघाली की पुढची कसोटी अशी : कारण म्हणून दिलेली गोष्ट जिथे आहे, पण विधानातली गोष्ट जिथे नाही, असे एखादे उदाहरण सापडते का? सापडले तर ते स्पष्टीकरण नव्हे. ‘सस्तन प्राण्यांच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशींत केंद्रक नसते’ हे विधान आणि ‘तांबड्या रक्तपेशींत हिमोग्लोबिन असते’ हे कारण, दोन्ही खरे आहेत. पण पक्ष्यांच्या तांबड्या पेशींतही हिमोग्लोबिन असते आणि केंद्रकही असते, म्हणून नुसत्या हिमोग्लोबिनच्या असण्याने केंद्रकाचे नसणे सिद्ध होत नाही. आता दुसरी जोडी घे. ‘इंदूरमध्ये उघड्या भांड्यातील पाणी १०० अंश सेल्सिअसच्या थोडे खाली उकळते’ आणि ‘उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो’. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, इथे पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते आणि भांड्यावर झाकण दाबून दाब वाढवला की उत्कलनबिंदूही वाढतो, कुकरमध्ये तेच होते. इथे कारण बदलले की परिणाम बदलतो, म्हणून हे स्पष्टीकरण आहे. ‘हिरव्या वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, कारण त्या फक्त रात्री श्वसन करतात’ यासारख्या जोडीत इतके खोल जावे लागत नाही. ‘फक्त’ या शब्दाने कारणच खोटे झाले आहे, श्वसन दिवसाही चालू असते.

प्रश्न : मी शासकीय शाळेत विज्ञान शिकवते. आठवीतील काही मुलांना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायचे आहे. पालक विचारतात की क्लास न लावता जमेल का? – एक शिक्षिका, जुनी इंदूर

उत्तर : बाई, जमेल. या परीक्षेत बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय असे प्रत्येकी ९० प्रश्नांचे दोन पेपर असतात, प्रत्येकाला ९० मिनिटे मिळतात आणि दुसऱ्या पेपरातील विज्ञान सातवी-आठवीच्या पुस्तकांबाहेर फारसे जात नाही. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा जास्त नसावे आणि मुलाला सातवीत किमान ५५ टक्के गुण असावेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. निवड झाल्यास नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. आपल्या मुलांची अडचण बहुधा विज्ञानाची नसून उत्तरपत्रिकेतील गोल रंगवण्याची असेल, कारण त्यांनी ते पूर्वी कधी केलेले नसते. कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स प्रती काढून शाळेतच चार-पाच वेळा घड्याळ लावून सराव करून घ्यावा. चुकीच्या उत्तराला इथे गुण वजा होत नाहीत, म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत एकही प्रश्न रिकामा राहणार नाही हे मुलांना स्पष्ट सांगावे.